गोव्यात राहून नाटक-सिनेमाची पदवी घ्यायची असेल तर

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या नाटकवेड्या घरांत एक चर्चा हमखास होते. पोराला किंवा पोरीला नाटक-सिनेमाच शिकायचं आहे, मग पुण्या-मुंबईला पाठवायचं की इथेच प्रवेश घ्यायचा? अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली पदवी गोव्यात घ्यायला काहीच हरकत नाही, मात्र त्या वर्षांची सुरुवात पडद्यामागून करा. ज्याला नट व्हायचं आहे त्यानेही आणि ज्याला कॅमेरा धरायचा आहे त्यानेही. पुस्तकं, चित्रफिती, कार्यशाळा हे सगळं घरबसल्या मिळतं. त्याच वीस-पंचवीस जणांबरोबर सलग काही वर्षं एकामागून एक प्रयोग उभे करण्याची संधी मात्र पदवी अभ्यासक्रमातच मिळते, आणि तिचा पुरता फायदा त्यालाच होतो ज्याला प्रयोगातलं प्रत्येक काम ठाऊक असतं.

अर्ज भरण्याआधी: आपल्याच गावात हात मारा

गोव्याच्या मुलांकडे एक भांडवल असतं, ते त्यांना स्वतःला दिसत नाही. कार्तिकापासून वैशाखापर्यंत फोंड्यात, डिचोलीत, सत्तरीत, पेडण्यात, काणकोणात जत्रा आणि कालोत्सव चालू असतात. पालखी झाली की देवळाच्या प्रांगणात मराठी नाटक उभं राहतं. गावचे लोक, गावचा रंगमंच, बाहेरून मागवलेलं नेपथ्य आणि कपडेपट, आणि समोर पहाटेपर्यंत बसून राहणारा प्रेक्षक. बारावीच्या वर्षी अभ्यास सांभाळून यातलं एक तरी नाटक आतून बघा. गावातल्या मंडळाच्या दिग्दर्शकाकडे जाऊन सरळ म्हणा, "काका, मला काम नको, प्रॉम्प्टिंगला बसवा." बहुतेक मंडळी आनंदाने बसवतात, कारण त्या जागेवर बसायला कोणी तयारच नसतं.

प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून नटाला शब्द पुरवायला, बसल्यावर जे कळतं ते प्रेक्षागृहातून कधी कळत नाही. वाक्य विसरलेला नट आणि मुद्दाम थांबलेला नट यांतला फरक ओळखता यायला लागतो. थांबलेल्याला शब्द पुरवला तर तो संतापतो, विसरलेल्याला उशिरा पुरवला तर प्रवेश कोसळतो. नटाच्या श्वासावरून हे ओळखायचं असतं. हा कान तयार झाला की पुढे संकलनाच्या टेबलावर कट कुठे द्यायचा हेही त्याच कानाने कळतं.

मराठी नाटकावरच थांबू नका. आपल्याकडची बरीच मराठी मुलं तियात्राला, म्हणजे कोंकणीतल्या गाण्यांच्या नाटकाला, जात नाहीत. 1892 साली मुंबईत पहिला तियात्र झाला आणि तेव्हापासून हा प्रकार प्रेक्षकांच्या तिकिटावर जगत आला आहे. पडद्यांच्या मधल्या वेळात गायली जाणारी कांतारां, रंगमंचासमोर बसलेला वाद्यवृंद, कालच्या बातमीवर आज रचलेलं गाणं: प्रेक्षकाला तीन तास हातातून सुटू न देण्याची कारागिरी शिकायची तर याहून जवळची शाळा नाही. तसंच पेडण्याकडचं दशावतारी नाटक बघा. कथा पुराणातली, सगळ्यांना ठाऊक असलेली, पण संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. सत्तरीतलं रणमाले आणि ठिकठिकाणचा जागर यांतून लोकांनी गाणं, नाच आणि सोंग कसं एकत्र गुंफलं तेही दिसेल. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतले प्रयोग तर चुकवूच नका. एकाच स्पर्धेत लागोपाठ वेगवेगळ्या तालुक्यांतली नाटकं पाहिली की तुलना आपोआप होते.

बघितलेल्या प्रत्येक प्रयोगावर वहीत पानभर लिहा. "छान होतं" असं लिहायचं नाही. कुठल्या क्षणी प्रेक्षक हलला, दिवा कधी बदलला, कुठला आवाज दोनदा आला आणि दुसऱ्यांदा त्याचा अर्थ का बदलला, एवढंच लिहा. ही वही मुलाखतीत कामाला येते.

कुठे प्रवेश घ्यायचा

नाट्यकलेची पदवी गोव्यातच घ्यायची तर पहिलं नाव कला अकादमीच्या नाट्य महाविद्यालयाचं. गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेला पदवी अभ्यासक्रम तिथे चालतो. पणजीत कांपालला मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या वास्तूत कला अकादमी आहे. दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, उघडं नाट्यगृह आणि छोटं प्रायोगिक नाट्यगृह एकाच आवारात. गायन-वादन शिकणारी मुलंही आसपासच असतात. सिनेमाकडे जाणाऱ्यालाही हा शेजार मोलाचा आहे. आपल्या लघुपटाला संगीत हवं असेल तर आधी त्या मुलांशी ओळख करून घ्या.

सिनेमाचं तंत्र हवं असणाऱ्यांसाठी दुसरी वाट म्हणजे जनसंवाद, दृक्श्राव्य माध्यमं किंवा मल्टिमीडिया हे विषय शिकवणारी महाविद्यालयं. तिसरी वाट फारशी कोणी सुचवत नाही, ती म्हणजे पणजीत आल्तिन्यावरचं गोवा कला महाविद्यालय. नेपथ्य, वेशभूषा किंवा सिनेमाचं कलादिग्दर्शन हे ज्याच्या डोक्यात आहे, त्याने चित्रकलेची किंवा उपयोजित कलेची पदवी घेऊन संध्याकाळी नाटकात काम केलं तर तो दोन्ही बाजूंनी घट्ट होतो. हात चांगला असलेला नेपथ्यकार कधी रिकामा बसत नाही.

2023-24पासून गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते. मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि कौशल्यावर आधारित छोटे अभ्यासक्रम घ्यावे लागतात. नाटक किंवा माध्यमं मुख्य विषय म्हणून मिळाली नाहीत तर या फटीतून शिरता येतं. मराठी साहित्य मुख्य ठेवायचं आणि उरलेल्या जागांत माध्यमांशी संबंधित जे मिळेल ते घ्यायचं. लेखक व्हायचं असेल तर हा मार्ग मला जास्त पटतो. नीट वाचन असलेला लेखक नाटकालाही हवा आहे आणि सिनेमालाही.

संस्था कुठलीही असो, माहितीपत्रकावर विसंबून राहू नका. सत्र चालू असताना एखाद्या दुपारी तिथे जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. वर्षाला किती पूर्ण प्रयोग होतात, तालमीची खोली संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, कॅमेरा मुलांच्या हातात मिळतो की कपाटात असतो, नेपथ्य आणि प्रकाश मुलं स्वतः करतात की बाहेरून माणूस येतो, हे त्यांना विचारा. तालमीच्या खोलीची चावी कोणाकडे असते, या एका गोष्टीवरून संस्थेबद्दल बरंच कळतं. खासगी संस्था असेल तर मिळणारा कागद पदवीचा आहे की पदविकेचा, की नुसतं प्रमाणपत्र, आणि पदवी कुठलं विद्यापीठ देणार, हे लेखी घ्या. पुढे पदव्युत्तर शिक्षणाला किंवा सरकारी नोकरीला अर्ज करताना हाच कागद विचारला जातो.

कागदपत्रं

यावर जास्त लिहीत नाही. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, असल्यास जातीचा दाखला आणि गोव्यातलं वास्तव्य दाखवणारा मामलेदार कार्यालयाचा दाखला. हा शेवटचा दाखला निकालानंतर काढायला गेलात तर सगळ्या तालुक्याची गर्दी तिथेच असते, म्हणून तो परीक्षेच्या आधीच मागायला टाका. आधार, बँक पासबुक आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (तुमच्या श्रेयांकांच्या सरकारी ऑनलाइन खात्याचा) क्रमांक जवळ ठेवा. सगळ्यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती मोबाइलमध्ये एकाच फोल्डरमध्ये असल्या की अर्ज भरताना धावपळ होत नाही.

चाचणी आणि मुलाखत

इथे मुलं सर्वांत जास्त घाबरतात आणि घाबरून सर्वांत मोठ्या आवाजाचं स्वगत निवडतात. ऐतिहासिक नाटकातलं किंवा दारुड्या म्हाताऱ्याचं, ज्यात ओरडायला आणि रडायला वाव आहे असं काहीतरी. समोर बसलेल्यांनी ते स्वगत त्या दिवशी सकाळपासून कितीतरी वेळा ऐकलेलं असतं आणि तुलनाही थेट मोठ्या नटांशी होते. तुमच्या वयाचं पात्र निवडा. दोन-तीन मिनिटांत संपेल असा तुकडा घ्या, आणि त्यात पात्राला समोरच्या माणसाकडून काहीतरी हवं असलं पाहिजे. माफी हवी आहे, पैसे हवे आहेत, थांबायला सांगायचं आहे, असं काहीही. हवं असणं ठरलं की हातांचं काय करायचं हा प्रश्न आपोआप सुटतो.

तयारीची एक रीत सांगतो. स्वगत पाठ झालं की एका मित्राला समोर बसवा आणि त्याला सांगा की तुझं लक्ष उडालं तर तू खिडकीबाहेर बघायचं. तुम्ही बोलत राहायचं आणि त्याची नजर परत आणायची. आवाज वाढवून नाही, त्याच्यापर्यंत पोहोचून. मग तेच स्वगत भांडी घासताना म्हणा, चढावर चालताना म्हणा, कुजबुजून म्हणा. शब्द इतके अंगात मुरले पाहिजेत की परीक्षकाने मध्येच थांबवून "आता हेच हसत करून दाखवा" म्हटलं तर घाबरायला होऊ नये. असं थांबवतात, तयार राहा. त्यांना तुमचं पाठांतर बघायचं नसतं, सांगितलेलं तुम्ही घेता का ते बघायचं असतं.

आपली बोली लपवू नका. पेडण्याची मराठी पेडण्यासारखीच कानावर येईल, त्यात काही कमीपणा नाही. प्रमाण उच्चार शिकावे लागतील, ते पुढे शिकवले जातात. पण घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी, बाजारात हिंदी अशा चार भाषांत वावरणारं तोंड हे नटाचं साधन आहे. तुमच्या आजीची गाऱ्हाणं घालण्याची लय येत असेल तर तीही दाखवा.

सिनेमाच्या अभ्यासक्रमासाठी काम दाखवायला सांगितलं तर महागड्या कॅमेऱ्याची वाट बघू नका. मोबाइलवर एक मिनिटाचा तुकडा करा, संवादाशिवाय. पाव भाजणारी एखादी पोदेर बाई किंवा सायकलवर पाव घेऊन येणारा पोदेर, मासळी बाजारात सुरीला धार लावणारा हात, फेरीबोटीवर गाडी चढवण्याचा क्षण. फक्त एक काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पाच-सहा शॉटमध्ये. बघणाऱ्याला काम समजलं पाहिजे आणि ते करणारा माणूसही. मागे गाणं टाकू नका, जागेवरचा आवाजच राहू द्या.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी शरीर आणि आवाज यांवर काम चालतं. सकाळी व्यायाम, श्वास, उच्चार, मग इतिहास आणि सिद्धांत. भरताच्या नाट्यशास्त्रातला आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चार प्रकारचा अभिनय, विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत केलेला प्रयोग, अण्णासाहेब किर्लोस्करांची 1880मधली संगीत रंगभूमी, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, जर्मन नाटककार ब्रेख्त. बरीच मुलं हे परीक्षेपुरतं वाचतात. माझा आग्रह आहे की प्रत्येक सिद्धांत त्याच आठवड्यात जमिनीवर उतरवून बघा. ब्रेख्त वाचलात की त्या संध्याकाळी तियात्राचं एखादं कांतार आठवा. पात्रातून बाहेर येऊन प्रेक्षकाशी थेट बोलणारा नट तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात.

पहिल्या निर्मितीत भूमिका मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. उलट निर्मिती व्यवस्थापन मागून घ्या, म्हणजे प्रयोगाचं पुस्तक, हालचाली आणि प्रकाश-ध्वनीच्या खुणा लिहिलेली संहिता, तुमच्या हातात येईल. ते कसं करायचं हे नीट सांगतो, कारण घाईत कोणी सांगत नाही.

संहितेची पानं एका बाजूला छापून घ्या आणि जाड फाइलीत अशी लावा की डाव्या हाताला कोरं पान आणि उजव्या हाताला संवाद येतील. कोऱ्या पानावर वर रंगमंचाचा छोटा आराखडा काढायचा: दार, खिडकी, खाट, जिथे जे आहे तिथे. खाली नटांच्या हालचाली क्रमांक घालून लिहायच्या आणि तेच क्रमांक उजवीकडे त्या त्या शब्दाच्या डोक्यावर टाकायचे. सगळं पेन्सिलनेच, कारण दिग्दर्शक उद्या हालचाल बदलणार. प्रकाशाच्या खुणा एका रंगात, ध्वनीच्या दुसऱ्या रंगात. प्रत्येक खुणेच्या दोन ओळी आधी "तयार" अशी खूण, म्हणजे दिवे चालवणाऱ्याला हात बटणावर न्यायला वेळ मिळतो.

तालमीच्या खोलीत नेपथ्य नसतं, म्हणून जमिनीवर चिकटपट्टीने ते आखायचं. दिग्दर्शकाकडून आराखडा घ्या, त्यातली मापं फुटांत मोजा, आधी मधली रेषा मारा आणि मग त्या रेषेपासून डावी-उजवीकडे मोजत चला. दार जिथे उघडतं तिथे पट्टीने कमान काढा. नट दाराच्या कमानीत उभा राहून बोलायला लागला तर लगेच सांगा की दार तुझ्या नाकावर आपटेल. असं आखून तालीम केली नाही तर रंगीत तालमीच्या रात्री नेपथ्य उभं राहिल्यावर नट खुर्च्यांना अडखळतात आणि महिनाभराची लय तुटते. दुसऱ्या पट्टीने, अंधारात चमकणाऱ्या, विंगेतल्या पायऱ्यांच्या कडा आणि खांबांचे कोपरे आखा. अंधारात धावत बाहेर पडणाऱ्या नटाचा पाय त्यामुळे वाचतो.

एवढं एकदा केलंत की पुढच्या वर्षी दिग्दर्शन करताना तुम्हाला कोणी फसवू शकत नाही. आणि ज्याला सिनेमात सहायक दिग्दर्शक म्हणून शिरायचं आहे, त्याला तर हीच वही वेगळ्या नावाने पुन्हा भेटते.

प्रकाशाचंही तसंच. शिडीवर चढायला शिका, मात्र खाली शिडी धरणारा असल्याशिवाय नाही. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षेची साखळी हवीच. एक दिवा समोरून, एक बाजूने, एक मागून लावून मित्राच्या चेहऱ्यावर काय होतं ते तासभर नुसतं बघत बसा. कॅमेऱ्यामागची प्रकाशयोजना याच तासात अर्धी समजते.

कॅमेरा हातात आल्यावर

सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. आपल्याकडे विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ आहे, म्हणून ट्यूबलाइटच्या किंवा स्वस्त एलईडीच्या प्रकाशात शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, नाहीतर चित्र फडफडतं. ध्वनी 48 किलोहर्ट्झवर नोंदवा. या दोन-तीन गोष्टी कॅमेऱ्यात पहिल्याच दिवशी लावून ठेवल्या की पुढची डोकेदुखी वाचते.

विद्यार्थ्यांचे लघुपट चित्रापेक्षा आवाजात जास्त मार खातात. गोव्यात त्याला कारणंही भरपूर. कावळे, समुद्र, शेजारचा पंप, पाव विकणाऱ्याचा भोंगा, दुपारी चारला सुरू होणारी भजनाची तालीम. रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, जाताना चित्रीकरण ज्या वेळी करायचं आहे नेमक्या त्याच वेळी जा, डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहा आणि काय ऐकू येतं ते लिहा. चित्रीकरणाच्या वेळी पंखा आणि फ्रीज बंद करा, आणि घरी जाताना फ्रीज परत चालू करायला विसरू नका, नाहीतर त्या घरात दुसऱ्यांदा पाय ठेवायला मिळणार नाही. प्रत्येक जागी कोणी काही न बोलता तीस सेकंद नुसती तिथली शांतता नोंदवा. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं याच शांततेने बुजवतात. माइक तोंडाजवळ असावा, कॅमेऱ्याजवळ नव्हे. एका माणसाला फक्त ध्वनी द्या आणि त्याला "पुन्हा घ्या" म्हणायचा पूर्ण अधिकार द्या.

संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला पुरेशी आहे. दिवसाचं चित्रण त्याच रात्री दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. ड्राइव्ह दोन वेगळ्या घरांत ठेवा.

पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे लेन्सला बुरशी लागते आणि ती काचेत शिरली की निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका, काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, म्हणून तो बॅगेतच थोडा वेळ बाहेर ठेवून मग उघडा. मात्र पावसाळा टाळू नका. जून ते सप्टेंबर गोव्याचा प्रकाश मऊ असतो, सावल्या कडक पडत नाहीत, आणि जत्रा नसल्यामुळे गावचे नट मोकळे असतात.

परवानग्यांबाबत सैल राहू नका. चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे विचारणा करा आणि महाविद्यालयाचं पत्र बरोबर न्या. जुन्या गोव्यातली चर्च आणि किल्ल्यांसारखी संरक्षित स्मारकं पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतात, तिथे स्टँड लावून शूटिंग करायला वेगळी परवानगी लागते. देवळात चित्रीकरण करायचं तर देवस्थान समितीशी आणि पुरोहितांशी आधी बोला, गर्भगृहाकडे कॅमेरा वळवू नका. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आणि नौदलाचा तळ एवढ्याशा राज्यात आहेत, त्यामुळे बराच भाग लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही अशा भागात, येतो. कुळागरात (सुपारीच्या बागेत) किंवा एखाद्याच्या अंगणात चित्रीकरण करायचं असेल तर मालकाची एक ओळ लिहून घ्या, आणि संध्याकाळी जागा आदल्या दिवशीपेक्षा स्वच्छ करून परत द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही तिथे जायचं असतं.

नाटकासाठीही परवानगी असतेच, ती लेखकाची. महाविद्यालयीन प्रयोग असला तरी लेखकाला किंवा वारसांना पत्र पाठवा, मानधन विचारा, संहितेत काटछाट करणार असाल तर तसं कळवा. लघुपटात सिनेमाचं गाणं टाकलं तर तो महोत्सवांना पाठवता येत नाही. कला अकादमीतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांशी ओळख करून घ्या असं वर म्हटलं ते याचसाठी.

नोव्हेंबरचे ते दिवस

2004पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दरवर्षी गोव्यात भरतो, साधारण 20 नोव्हेंबरपासून नऊ दिवस. दुसऱ्या राज्यांतली मुलं रेल्वेने येऊन खोल्या भाड्याने घेऊन हे सिनेमे बघतात आणि आपल्याला ते कदंब बसच्या तिकिटात मिळतात. विद्यार्थी प्रतिनिधींसाठी वेगळी नोंदणी असते, ती उघडल्याबरोबर करा. दिवसाला तीन सिनेमांच्या वर जाऊ नका, चौथ्यापासून काही आत शिरत नाही. नामवंत दिग्दर्शकांचे नवे सिनेमे नंतरही कुठेतरी मिळतात. ज्या देशाचा सिनेमा तुम्ही कधी पाहिलेला नाही त्याला प्राधान्य द्या, आणि जुन्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती मोठ्या पडद्यावर दाखवत असतील तर त्या सोडू नका. छायाचित्रणकार, संकलक, ध्वनी आरेखक यांची सत्रं चालू असतात, तिथे नटांच्या सत्रांइतकी रेटारेटी नसते आणि शिकायला जास्त मिळतं. मित्रांबरोबर स्वयंसेवकाचं काम मिळालं तर एक वर्ष तेही करा.

वर्षाच्या उरलेल्या दिवसांत पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जात राहा. 1832पासूनचं हे ग्रंथालय आहे आणि तिथल्या मराठी संग्रहात मुद्रणाबाहेर गेलेली नाटकंही हाती लागतात. आठवड्याला एक नाटक वाचलं तरी तीन वर्षांत दीडशेच्या घरात जातं.

घरच्यांशी बोलताना, आणि खर्चाचं

"नाटक कर, पण त्याचं शिक्षण कशाला?" हे वाक्य गोव्यात घरोघरी ऐकू येतं, कारण इथे नाटक सगळेच करतात. सकाळी पंचायतीत किंवा शाळेत नोकरी करणारा माणूस रात्री राजा होतो. घरच्यांना हे हिणवून सांगू नका, त्यांचं नाटक खरंच आहे. त्यांना एवढंच दाखवा की प्रकाश, ध्वनी, संकलन, निर्मिती व्यवस्थापन ही पोट भरणारी कामं आहेत आणि ती शिकावी लागतात. पणजीपासून मडगाव, फोंडा, साखळी, कुडचड्यापर्यंत नाट्यगृहं आहेत, तिथे तंत्रज्ञ लागतात. जाहिराती, मालिका आणि बाहेरचे सिनेमे गोव्यात चित्रित होतात, त्यांना स्थानिक सहायक लागतात, ज्यांना रस्ते ठाऊक आहेत आणि चार भाषा येतात. आई-बाबांना एकदा प्रयोगाच्या दिवशी सकाळीच बोलवा, नेपथ्य लागताना बघू द्या.

खर्चात सगळ्यात मोठी गोष्ट प्रवासाची. तालीम रात्री नऊ-साडेनऊला संपते आणि तोवर वाळपई, पेडणे किंवा काणकोणच्या बस कमी झालेल्या असतात. प्रवेश घेण्याआधीच याचा बंदोबस्त करा: वसतिगृह, नातेवाइकांचं घर किंवा एकाच दिशेच्या तिघाचौघांची मिळून सोय. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी तालमीच्या वेळा आणि परतीची व्यवस्था याबद्दल महाविद्यालयाला उघडपणे विचारावं. जबाबदार संस्था याचं उत्तर टाळत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, तिचा फोन नंबर कुठे लावला आहे, हेही पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. तालमीत स्पर्श, रडणं, राग यांच्यावर काम चालतं, त्यामुळे काय चालेल आणि काय चालणार नाही हे दिग्दर्शकाने आधी ठरवून घ्यायला हवं, आणि "हे मला नको" असं म्हणण्याची मोकळीक प्रत्येकाला असली पाहिजे.

पदवीच्या शेवटच्या वर्षी

पुढे शिकायचं असेल तर शेवटचं वर्ष सुरू होतानाच तयारीला लागा. पुण्याच्या फिल्म आणि टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या बहुतेक मोठ्या अभ्यासक्रमांना कुठल्याही शाखेची पदवी लागते, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या पदविकेलाही पदवी आणि नाटकातल्या कामाचा अनुभव लागतो. पुण्यात ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. सगळीकडे केलेल्या कामाचा पुरावा मागतात. म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक प्रयोगाची जाहिरात, श्रेयनामावली, छायाचित्रं आणि मंडळाचं पत्र जपून ठेवा. गावच्या जत्रेतल्या नाटकाचंही पत्र घ्या, अध्यक्षांच्या सहीचं, तारीख आणि तुमचं काम स्पष्ट लिहिलेलं. तुमची प्रॉम्प्टिंगची वही आणि प्रयोगांवर लिहिलेली पानंही त्याच फाइलीत लावा. मुलाखतीला जाताना त्यातली एकच निर्मिती निवडा, जिच्यात तुम्ही सगळ्यात जास्त जागा बदलल्या, आणि तिच्याबद्दल पाचच मिनिटं पण बारकाईने बोलायची तयारी करा: दिवा कुठे होता, कुठली हालचाल कितीदा बदलली आणि का.